कुत्री, मांजरं आणि शेजारी : सोसायटीत नव्याने आलेल्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत चार विंग आहेत, ७९ फ्लॅट आहेत, सहा कुत्री आहेत, आणि मांजरं किती हे कुणाला विचारता त्यावर अवलंबून आहे. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. नवीन बिऱ्हाड आलं की आठवड्याभरात तेच प्रश्न येतात, कधी कुतूहलाने, कधी तावातावाने. दर वेळी जिन्यात उभं राहून उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

ही कुत्री कुणाची आहेत?

कुणाचीच नाहीत आणि इथलीच आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांमध्ये ‘भटकी’ऐवजी ‘सामुदायिक प्राणी’ असा शब्द आला, तो आम्हाला पटतो. राणी, खंडू, बाळ्या, शेंगदाणा आणि दोघी काळ्या बहिणी (त्यांची नावं दोन विंगांनी वेगवेगळी ठेवली आहेत, त्यावर सभेत एकमत झालं नाही) यांतली बहुतेक इथेच जन्मली. बिल्डरने सॅम्पल फ्लॅट दाखवायला सुरुवात केली तेव्हा राणीची आई वाळूच्या ढिगावर झोपलेली असायची. वास्तुशांतीची तारीख बघितली तर ती आपल्याआधीची रहिवासी.

त्यांना खायला घालणं बेकायदा आहे ना?

सोसायटीच्या आवारात नाही. त्याच नियमांतला विसावा नियम सांगतो की आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणं ही रहिवासी संघटनेची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे. जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून लांब हवी. वेळही ठरवायची, मुलं आणि ज्येष्ठ नागरिक फिरत नसतील अशी. आणि जो घालतो त्याने ती जागा स्वच्छ ठेवायची.

बाहेरच्या रस्त्याची गोष्ट वेगळी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई केली आणि महापालिकांना प्रभागवार ठरावीक जागा करायला सांगितलं. त्यामुळे गेटबाहेर, पानाच्या टपरीपाशी बिस्किटांचा पुडा फोडू नका. मनात भूतदया असली तरी भांडण आपल्याच दारात येतं. हे आदेश बदलत असतात, तेव्हा कुणी मोबाइलवर अर्धवट बातमी दाखवून वाद घालू लागलं तर आधी तारीख बघा.

मग आपल्याकडे जागा आणि वेळ कोणती?

सी विंगच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे. सकाळी साडेसहा आणि रात्री साडेनऊ. सकाळी स्कूलबस सात वाजता येते, म्हणून त्याआधी सगळं उरकून वाट्या उचललेल्या असल्या पाहिजेत. ही वेळ ठरवायला तीन सभा लागल्या. पहिल्या सभेत कुत्र्यांवर बोलणं झालंच नाही, पार्किंगवरच झालं.

वाट्या उचलणं हा या व्यवस्थेचा गाभा आहे, हे नव्या मंडळींना पटायला वेळ लागतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण महाराजांच्या हातात वाटी होती, कागदाची प्लेट नव्हती. ती वाऱ्याने उडून तळमजल्यावरच्या वहिनींच्या तुळशीत जाते, आणि मग वहिनी महिनाभर कुत्र्यांच्या विरोधात मत देतात. आमच्याकडे विरोधक म्हणवणाऱ्यांपैकी निम्मे लोक प्राण्यांच्या विरोधात कधी नव्हतेच. ते सांडलेल्या भाताच्या विरोधात होते.

घरातलं उरलेलं चालतं का? दूध?

साधा भात, पोळी, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन चालतं. वरणाला लसणाची फोडणी असेल तर नको. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला अपाय करतात. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका तर विषच. शिजवलेली हाडं टोकदार तुटतात आणि आतड्यात रुततात, त्यामुळे रविवारच्या रश्श्यातली हाडं प्रेमाने आणून देऊ नका.

दुधाबद्दल सांगितलं की लोक दुखावतात. मांजर म्हटलं की दूध, असंच आपण लहानपणापासून ऐकलंय. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना आणि कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि ते जुलाब कुठे होतात, तर लिफ्टच्या दारात. ग्लुकोजची बिस्किटं म्हणजे साखर आणि मैदा. एखाद-दुसरं ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. पाणी मात्र बारा महिने, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा बदलून. मातीचं पसरट भांडं घ्या आणि रोज घासा, नाहीतर त्यात डासांची अंडी होतात आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेले लोक सोसायटीला नोटीस देऊन जातात.

मला कुत्र्यांची भीती वाटते. माझं कुणी ऐकणार का?

तुमचंच आधी ऐकायचं असं आम्ही ठरवलं आहे. सुरुवातीला आमची चूक झाली. कुणी ‘भीती वाटते’ म्हटलं की आम्ही ‘अहो, काही करत नाही तो’ म्हणायचो. हे वाक्य आता आमच्याकडे वापरायचं नाही. लहानपणी चावा बसलेल्या माणसाला ते ऐकून काहीच वाटत नाही, उलट चीड येते.

त्याऐवजी काय केलं ते सांगतो. ए विंगमध्ये एक ताई रात्री अकराला ड्यूटीवरून येतात. त्या गेटवरून फोन करतात आणि वॉचमनकाका काठी न उगारता, नुसते त्यांच्या बाजूने चालत लिफ्टपर्यंत येतात. दोन मिनिटांचं काम. शेंगदाणा स्कूटरमागे धावायचा, तर त्याची झोपायची जागा वळणावरून हलवून मागे नेली. खाणं तिकडे मिळायला लागल्यावर तो आपोआप तिकडे गेला. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, उभे राहा, हात अंगाशी घ्या, डोळ्याला डोळा भिडवू नका आणि हळूहळू बाजूला व्हा. गाडीवर असाल तर वेग वाढवू नका, कमी करा. पळणाऱ्या चाकाचा पाठलाग करण्यात त्यांना मजा येते, थांबलेल्यात येत नाही.

मुलांना एवढंच शिकवा की झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही.

सरळ उचलून लांब कुठे सोडून का देत नाही?

एक तर निरोगी कुत्री उचलून दुसरीकडे सोडायला नियम परवानगी देत नाहीत. नसबंदी आणि लस देऊन ती होती तिथेच परत आणायची असतात. पिसाळलेलं किंवा पिसाळल्याचा संशय असलेलं आणि खरोखर आक्रमक कुत्रं याला अपवाद. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांतून कुत्री हलवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. राहत्या सोसायट्यांचा त्या यादीत समावेश नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. ओला कचरा, आडोसा आणि पाणी जागच्या जागी राहिलं की रिकाम्या झालेल्या जागेत आठवड्यात दुसरी कुत्री येतात, आणि ती नसबंदी न झालेली, लस न घेतलेली, अनोळखी. बाजूच्या एका सोसायटीने हा प्रयोग रात्री टेम्पो आणून केला. तीन कुत्री गेली आणि पावसाळ्यापर्यंत पाच नवी आली.

ही कल्पना नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला प्रत्येकी आठ आणे इनाम लावलं. इनामाच्या लोभाने शिपाई घरच्या कुत्र्यांनाही हात घालू लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद पडली, दंगल झाली. त्यालाही आता दोनशे वर्षं होत आली आणि कुत्री अजून आहेत. मारून किंवा हाकलून संख्या कमी होत असती तर एव्हाना झाली असती.

नसबंदी कशी करून घ्यायची?

महापालिकेकडे तक्रार नोंदवा, गाडी येते. हे विनामूल्य आहे. प्रत्यक्षात गाडी आली आणि कुत्री दिसली नाहीत म्हणून रिकामी गेली, असं आमच्याकडे दोनदा झालं. ओळखीचा माणूस हजर असला की काम सोपं. आदल्या रात्रीपासून खायला देऊ नका, भूल द्यायची असते. नेताना फोटो काढा, तारीख आणि पकडल्याची जागा लिहून घ्या, गाडीबरोबरच्या माणसाचं नाव आणि नंबर घ्या. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस तिथे देखरेखीखाली ठेवतात आणि मग इथेच आणून सोडतात. परत आलं की कानाला खाच दिसते. ती जखम नाही, नसबंदी झाल्याची खूण आहे. सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लं नेऊ देऊ नका, आणि अंगावर पिणारी पिल्लं असतील तर आईलाही नाही.

कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. म्हणजे नुसतं खाऊ घालायचं आणि नसबंदीला टाळाटाळ करायची, याला आम्ही प्राणिप्रेम म्हणत नाही. कडक वाटेल, पण पार्किंगमध्ये परव्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होऊन एकेक करून मेलेली सात पिल्लं उचलल्यावर हे मत झालं आहे.

आणि लस दर वर्षी. एका भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस असेल तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहातल्या पाच म्हणजे आपण पास. सहावा खंडू, तो लसवाला दिसला की गच्चीवर जातो.

कुत्रं चावलं तर?

हे उत्तर नीट वाचा आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचून दाखवा.

आधी वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं जखम धुवा. पाच मिनिटांनी कंटाळा येतो, तरी धुवा. विषाणूचा मोठा भाग इथेच जातो. मग असल्यास आयोडीनचं औषध लावा. तिखट, चुना, हळद, मशेरी, तेल यातलं काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही, टाके घालायची घाई करायची नाही. आणि त्याच दिवशी दवाखान्यात. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते.

पोटात चौदा इंजेक्शनं हा जुन्या काळचा प्रकार झाला. आता लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. ते मिळतं का हे विचारा, नसेल तर कुठे मिळेल ते लिहून घ्या. मांजराचा ओरखडा, माकडाचा चावा, दोन्हींना हेच. गरोदर बाईलाही लस देतात. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठणठणीत राहिला तर पुढचं काय ते डॉक्टर ठरवतील, पण ‘दहा दिवस बघू, मग लस घेऊ’ हे चालणार नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इथे भिडस्तपणा, ‘उगाच कशाला त्यांना बोल’ वगैरे, कामाचा नाही. चावलं तर सांगा. कुणी तुम्हाला कुत्र्यांचे शत्रू म्हणणार नाही.

मांजरांचं काय?

मांजरांवर सभेत कधी ठराव येत नाही, त्यांचा त्रास कारच्या मालकांनाच. थंडीत आणि पावसात ती इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

दोन गोष्टी मात्र जिवाशी आहेत. मांजराला ताप आला म्हणून क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉल माणसाला चालतं, मांजर त्याने मरतं. अर्धी गोळीही पुरते. दुसरं फिनेल. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराला सोसत नाहीत. जिना पुसला की पाय ओले होतात आणि मांजर पाय चाटतं. आपल्या सफाईवाल्या दादांना आम्ही साबणाचं पाणी वापरायला सांगितलं आहे.

जखमी प्राणी दिसला तर?

दुखत असताना ओळखीचं कुत्रंही चावतं. तोंडाजवळ हात नेऊ नका. ओढणीने सैल तोंड बांधता येतं, धाप लागली असेल तर तेही नको. जाड चादरीवर सरकवून दोघांनी चार टोकं धरली की स्ट्रेचर झालं.

पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. तेव्हा कुणीतरी हमखास टर्पेंटाइन किंवा रॉकेल घेऊन येतं. त्यांचा हात धरा, अगदी ते वयाने मोठे असले तरी. मेडिकलमध्ये जखमेचा चंदेरी फवारा मिळतो, तो मारा आणि पशुवैद्याला दाखवा. साप निघाला तर सर्पमित्र किंवा अग्निशमन दल (१०१), इतर वन्य प्राणी किंवा पक्षी असेल तर वनविभागाचा १९२६.

कबुतरांना दाणे टाकले तर चालेल?

नको. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, आणि बी विंगमध्ये ऑक्सिजनवर असलेले एक आजोबा आहेत. मुंबईत दादरचा कबुतरखाना ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्री घालून बंद केला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे तेवढं व्हायला नको. पाण्याचं भांडं ठेवा, त्यावर चिमण्या-बुलबुलही येतात.

कुणी विष घातलं किंवा मारहाण केली तर?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, दहात तर वडापावही येत नाही. पण प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. फोटो, वेळ, साक्षीदार जमवा आणि पोलीस ठाण्यात जा. सोसायटीच्या ग्रुपवर नाव घेऊन जाहीर शिव्या देऊ नका. आम्ही एकदा तसं केलं आणि माणूस चुकीचा निघाला. तो अजूनही लिफ्टमध्ये मान फिरवतो, आणि त्याचं बरोबर आहे.

खाण्याच्या जागेवरून वाद मिटत नसेल तर नियमांत प्राणी कल्याण समितीची तरतूद आहे. पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी संस्था, तक्रारदार आणि सोसायटी, सगळे एका टेबलाशी बसतात. आमचा वाद अजून तिथवर गेलेला नाही.

पैसे कुठून येतात? मेंटेनन्समधून का?

एक रुपयाही नाही. ज्याला द्यायचे तो देतो. हिशेब डी विंगमधले एक निवृत्त काका ठेवतात, ज्यांनी पहिल्या सभेत कुत्र्यांविरुद्ध सर्वांत लांब भाषण केलं होतं. म्हणूनच त्यांना वही दिली. त्यांना कुत्री आजही आवडत नाहीत, पण साडेतीन रुपयांचा फरक लागला तर ते रात्री दहाला बेल वाजवतात.

पण याचा आणि शेजारधर्माचा काय संबंध?

ठरवून काही केलं नाही, होत गेलं. रोज साडेसहाला चारही विंगांत फिरणाऱ्या माणसाला दिसतं की कुणाच्या दाराला दुधाची पिशवी अजून लटकते आहे. दोन वर्षांपूर्वी एका काकूंची पिशवी नऊपर्यंत तशीच होती. बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या अकरा जणांची यादी, मुलांचे नंबर आणि जादा किल्ली कुणाकडे, हे सगळं त्याच वहीच्या मागच्या पानांवर आहे. काकू दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांचा बोका दोन महिने आमच्या समोरच्यांकडे राहिला. परत आल्यावर त्याने काकूंना ओळख दाखवली नाही. दोन दिवसांनी दाखवली.

पुराच्या वेळी काय करायचं?

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत लोकांना झोपेतून उठून बाहेर पडावं लागलं. आमच्या पार्किंगमध्ये पाणी गुडघ्यापर्यंत आलं. कुत्री आपणहून जिने चढली, हे नशीब, कारण आधीच्या वर्षी कुणीतरी जिन्यांना जाळीची दारं बसवायचा ठराव मांडला होता. तो नामंजूर झाल्याचा आनंद त्या दिवशी ठराव मांडणाऱ्यांनाही झाला.

त्यातून शिकलो ते असं. मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येक विंगमध्ये तिघांना माहीत हवं. पाळीव प्राणी बांधून ठेवून घर सोडू नका, नेता येत नसेल तर निदान साखळी सोडा. मांजर घाबरलं की हातात राहत नाही, उशीचा अभ्रा घ्या, त्यात घाला, तोंड सैल धरा. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराने वरच्या मजल्यावरचं एक घर आधीच ठरवून ठेवा. त्या पहाटे राणी दुसऱ्या मजल्यावर ए विंगच्या त्या ताईंच्या पायपुसण्यावर झोपली होती. ताईंनी दार उघडलं नाही, पण खिडकीतून तिला पोळी टाकली.

मी भाड्याने राहतो, मला यात येता येईल का?

मालक-भाडेकरू भेद इथे नाही. खायला घालण्याच्या पाळ्यांचा कागद वॉचमनच्या केबिनला आतून लावला आहे. शनिवारची सकाळ सध्या रिकामी आहे.